चर्च लेखांकन प्रणालीतील आवर्ती देयके

चर्च लेखांकन प्रणालीतील आवर्ती देयके म्हणजे वीज, पाणी, दूरध्वनी, विमा, कर्जाचा हप्ता यांसारखी ठरावीक काळाने पुन्हापुन्हा येणारी देणी संगणकीय हिशेबात एकदाच नमुन्याच्या रूपात नोंदवून ठेवण्याची आणि नियत तारखेला ती आपोआप किंवा स्मरणसूचनेद्वारे उभी करण्याची पद्धत होय. व्यापारी लेखांकन प्रणालींतही ही सोय असते. चर्चच्या हिशेबात मात्र प्रत्येक देयकाबरोबर आणखी एक प्रश्न येतो: रक्कम कोणत्या निधीतून खर्च झाली? या पद्धतीचा वापर मुख्यतः अमेरिकेत विकसित झाला असून तेथे पॉवरचर्च प्लस व अ‍ॅप्लोस यांसारख्या खास प्रणाली, तसेच क्विकबुक्ससारख्या सर्वसाधारण प्रणाली वापरल्या जातात.

निधी लेखांकनाची पार्श्वभूमी

चर्चला मिळणाऱ्या देणग्यांपैकी काही सर्वसाधारण खर्चासाठी असतात, तर काही दात्याने सांगितलेल्या कारणासाठीच असतात. उदाहरणार्थ छपराची दुरुस्ती, मिशनकार्य किंवा गरजूंना मदत. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कॅनन कायदा संहितेतील १२६७ व्या कलमानुसार विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरावे लागते. अमेरिकेच्या वित्तीय लेखांकन मानक मंडळाने २०१६ साली ना-नफा संस्थांच्या निव्वळ मालमत्तेचे दात्याचे निर्बंध असलेली आणि नसलेली असे दोनच वर्ग ठरवले.

बँकेला या विभागणीची कल्पना नसते. बहुतेक लहान चर्चचे सर्व निधी एकाच बँक खात्यात असतात आणि ते वेगळे दिसतात केवळ हिशेबाच्या वह्यांत. समजा, खात्यात ४०,००० डॉलर आहेत व त्यांपैकी ३५,००० छपराच्या निधीचे आहेत. महिन्याची आवर्ती देयके ६,२०० डॉलरची असतील, तर बँक ती सर्व विनातक्रार चुकती करते. प्रत्यक्षात सर्वसाधारण निधीत ५,००० डॉलरच असल्याने १,२०० डॉलर छपराच्या देणगीतून गेलेले असतात. माणूस चेक लिहीत असता तर कदाचित थबकला असता. स्वयंचलित वजावट थबकत नाही. म्हणून देयके चुकती करण्याआधी बँकेतील शिल्लक नव्हे, तर निधीनिहाय शिल्लक पाहणे आवश्यक ठरते. तूट पडलीच, तर ती निधींमधील आंतरिक उसनवारी म्हणून उघडपणे नोंदवावी लागते. अर्थात, अशा नोंदीने तूट दिसू लागते. निर्बंधित रक्कम वापरण्याची परवानगी मिळत नाही.

नमुना व त्याची रचना

आवर्ती नमुन्यात धनकोचे नाव, रक्कम, खर्चाचे खाते, निधी, वारंवारिता, आरंभाची तारीख आणि समाप्तीची तारीख हे तपशील असतात. एकाच विजेच्या देयकात प्रार्थनागृह व बालवाडी दोहोंचा वापर समाविष्ट असल्यास त्याची टक्केवारीने विभागणी नमुन्यातच करता येते. समाप्तीची तारीख रिकामी सोडण्याची सवय सर्वत्र आढळते. करार संपल्यानंतरही देयके उभी राहण्यामागे बहुधा हेच कारण असते.

क्विकबुक्सच्या ऑनलाइन आवृत्तीत नमुन्याचे तीन प्रकार आहेत: ठरल्या दिवशी स्वतःहून नोंद करणारा, केवळ आठवण देणारा आणि गरजेनुसार हाताने वापरायचा. विमा किंवा भाडे यांसारख्या स्थिर रकमांना पहिला प्रकार सोयीचा असतो. विजेचे देयक ऋतूनुसार बदलत असल्याने त्यासाठी दुसरा प्रकार योग्य. अंदाजी रकमेची स्वयंचलित नोंद पुढे दुरुस्त करायची राहून जाते.

कर्जाचा हप्ता फसवा असतो, कारण रक्कम स्थिर असली तरी तिची फोड दर महिन्याला बदलते. ३,००,००० डॉलरच्या, ६ टक्के व्याजाच्या २० वर्षांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे २,१४९ डॉलर येतो. त्यांपैकी पहिल्या महिन्यात १,५०० डॉलर व्याज असते, तर दुसऱ्या महिन्यात सुमारे १,४९७. पहिल्या महिन्याची फोड नमुन्यात कायम ठेवल्यास ताळेबंदातील कर्जाची शिल्लक बँकेच्या पत्रकापासून हळूहळू दूर जाते.

देयक आणि चुकती

देयकाची नोंद व ते चुकते केल्याची नोंद या दोन भिन्न गोष्टी आहेत. क्विकबुक्स ऑनलाइनमध्ये देयकाचा आवर्ती नमुना करता येतो, पण देयक चुकते केल्याच्या नोंदीचा करता येत नाही. विजेचे ४०० डॉलरचे देयक आले की वीजखर्च नावे व देणी खाते जमा होते. रक्कम दिल्यावर देणी नावे व बँक जमा होते. बँकेतून आपोआप वजा झालेली रक्कम बँकेच्या उताऱ्यावरून थेट वीजखर्चात टाकली, तर खर्च ८०० डॉलर दिसतो आणि ४०० डॉलरचे देणेही तसेच उभे राहते. मासिक बँक ताळमेळात ही चूक दिसत नाही, कारण बँकेची बाजू बरोबरच असते; ती सापडते थकीत देण्यांची यादी तपासल्यावर.

नियंत्रण व गैरव्यवहार

चेकवर दोन जणांच्या सह्या घेण्याची अनेक चर्चमधील जुनी प्रथा स्वयंचलित वजावटीत निरुपयोगी ठरते. तिच्या जागी नमुना तयार करणारा, त्याला मंजुरी देणारा आणि बँक ताळमेळ करणारा या व्यक्ती वेगवेगळ्या ठेवणे अपेक्षित असते. लहान चर्चमध्ये एकच स्वयंसेवक खजिनदार ही तिन्ही कामे करतो, आणि धोका तेथेच असतो. कॅथलिक धर्मग्रामांत ५३७ व्या कलमानुसार अर्थसमिती बंधनकारक असल्याने सक्रिय नमुन्यांची यादी वर्षातून एकदा तिच्यासमोर ठेवता येते.

मंजुरीची मर्यादा हा पुरेसा अडसर नसतो. २०१२ साली उघड झालेल्या न्यूयॉर्क महाधर्मप्रांताच्या प्रकरणात देणी विभागातील एका कर्मचारी महिलेने सुमारे सात वर्षांत दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम लाटल्याचे समोर आले. वरिष्ठांची मंजुरी लागू नये म्हणून प्रत्येक चेक २,५०० डॉलरच्या आत ठेवलेला होता. लहान व नियमित दिसणारी रक्कम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. आवर्ती देयके नेमकी तशीच असतात.

भारतातील संदर्भ

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी झालेल्या ख्रिस्ती संस्थांना १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली हिशेब ठेवावे लागतात. टॅलीसारख्या प्रणालीत कॉस्ट सेंटर वापरून निधीनिहाय विभागणी करता येते. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांसाठी ही विभागणी अधिक काटेकोर असते: २०२० च्या दुरुस्तीनंतर अशा देणगीपैकी २० टक्क्यांपर्यंतच रक्कम प्रशासकीय खर्चासाठी वापरता येते, आणि कार्यालयाची वीज व दूरध्वनी देयके त्यातच मोडतात.