पुरानंतरची वाळवण

कृष्णा-पंचगंगेच्या काठी आम्ही वर्षं पुरावर मोजतो. 2005, 2019, 2021. आधीच्या पुरात भिजायचं ते धान्य, कडबा, अंथरूण. विजेची वस्तू म्हणजे फार तर रेडिओ. 2005 पर्यंत मात्र शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावात ऊसबिलाच्या पैशातून टीव्ही, मिक्सर, टेप घरोघरी आले होते. ते सगळे एकदम बुडाले.

पाणी उतरलं की प्रत्येकाला घाई बटण दाबून बघायची. रेडिओ दुरुस्त करणारा दादा दारोदार सांगत फिरला, "कुणी पिन लावू नका! पाण्यानं न्हाई, करंटनं मरतंय ते." खरंच होतं. ओल्या चिखलातून वीज भलतीकडं धावते आणि पार्ट जळतो. गाळ तसाच राहिला तर तांब्यावर हिरवा गंज चढतो. म्हणून आधी स्वच्छ पाण्यानं गाळ धुवायचा. बायका हसायच्या, "भिजलेलं परत भिजवायचं व्हय, दादा?" मग ब्रशनं स्पिरिट, मग वाळवण. पावसाळ्यात ऊन कुठलं? मिक्सरच्या मोटारी चुलीच्या उबेला नाहीतर शंभरच्या बल्बाखाली ठेवल्या. स्पीकरचा कागद फुगला की तो गेलाच. टीव्ही तेवढा दादा कुणाला उघडू द्यायचा नाही. बंद टीव्हीची पिक्चर ट्यूबही झटका देते.

2019 ला सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट असताना पाणी 57 फुटांवर गेलं. 2005 ला माळ्यावर वाचलेलं या वेळी माळ्यावरच बुडालं. आणि वस्तूही बदलल्या होत्या. सपाट टीव्हीच्या पडद्यात पाणी शिरलं की डाग कायमचे. मोबाईल तांदळात पुरले, पण तांदूळ आतला गाळ थोडाच काढतो? दादा म्हणाला, "आता उघडायला स्क्रूच न्हाईत, सगळं चिकटवलेलं." घरं सुधारली, वस्तू वाढल्या, पण पुरातून परत येणाऱ्या कमी झाल्या. चालू झाले ते बहुतेक जुने मिक्सर आणि पंखे. बाकीचं ट्रॉली भरून भंगारात गेलं.

2021 ला पाणी चढू लागलं तेव्हा कुणी दुरुस्तीच्या भरवशावर राहिलं नाही. मेन स्विच पाडला, भिंतीवरचा टीव्ही उतरवला आणि जनावरांपाठोपाठ तोही ट्रॅक्टरमधून गावाबाहेर निघाला.