क्रूझरची टाकी : हौस आणि जोखीम

पुढे रुंद आणि आसनाकडे निमुळती होत जाणारी, अश्रूबिंदूच्या आकाराची इंधनटाकी हे क्रूझर मोटरसायकलचे परंपरागत रूप. रॉयल एनफिल्डची 'थंडरबर्ड' (२००२) आणि बजाजची 'अॅव्हेंजर' (२००५) आल्यानंतर ही टाकी मनाजोगती सजवून घेण्याची हौस मुंबईच्या उपनगरांतही रुजली. अक्षय वर्दे यांच्या मुंबईतील 'वर्देंची मोटरसायकल्स'ने तर या हौसेचाच व्यवसाय उभारला.

जुना रंग खरवडणे, लांबी, प्रायमर, रंग आणि वर पारदर्शक थर हा तुलनेने सोपा भाग. घेर वाढविण्यासाठी पत्रा कापून जोडायचा असेल, तर मात्र काम जिवावरचे ठरते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून घातक असते. आतल्या हवेत पेट्रोलची वाफ अवघी दीड ते साडेसात टक्के असली, तरी ठिणगीने स्फोट होतो. त्यामुळे जाणता कारागीर टाकी पुनःपुन्हा धुतो आणि झाळकामाच्या जागेपर्यंत पाण्याने भरूनच ठिणगी पाडतो. नंतर हवेचा हलका दाब देऊन साबणाच्या पाण्याने गळती तपासली जाते.

ती टाकी पूर्ण वाळली नाही, तर उपनगरांतील दमट हवेत गंज आतून सुरू होतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषते, हेही विसरून चालत नाही. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष आल्यापासून बहुतेक नव्या क्रूझरचा इंधनपंप टाकीतच असतो. गंजाचे कण त्याची जाळी तुंबवितात.

नोंदणीपुस्तिकेत वाहनाचा रंग नमूद असतो. तो बदलल्यास अंधेरी (एमएच ०२), बोरिवली (एमएच ४७) अशा आपल्या परिवहन कार्यालयात नोंद करावी लागते. मूळ रचनेत उत्पादकाच्या तपशिलाविरुद्ध फेरफार मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१९ मधील निकालानुसार चालत नाही.