बायनरी सर्च: संख्या यादीत आहे, मग उत्तर चुकतं कुठे?
सी भाषेत रिकर्सिव्ह बायनरी सर्च लिहिला, यादी क्रमाने लावली, तरी भलतंच उत्तर येतंय? आधी 'रिटर्न' तपासा. फंक्शन स्वतःलाच बोलावतं त्या ओळीत तो राहिला, तर आत सापडलेलं उत्तर बाहेर येतच नाही. कंपायलर फार तर वॉर्निंग देतो. प्रोग्रॅम क्रॅश होत असेल, तर उजव्या भागात शोधताना 'मिड' नाही, 'मिड + १' हवं.

खरी छुपी चूक मात्र '(लो + हाय) / २' मध्ये. ही बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेली, की ३२ बिटच्या 'इंट'मध्ये मावत नाही. जळगाव जामोद मतदारसंघाची अख्खी मतदारयादी घेतली तरी ती तिथवर जाणार नाही, म्हणून टेस्टिंगमध्ये दिसत नाही. जावाच्या लायब्ररीतही ती सुमारे ९ वर्षं लपून होती. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये त्याबद्दल लिहिलं. त्याऐवजी 'लो + (हाय - लो) / २' लिहा.