अड्याळची बांधी आणि नागपूरचा सूक्ष्मदर्शक

अड्याळ म्हटले की अनेकांना अड्याळ टेकडी आठवते. ती ब्रह्मपुरी तालुक्यात, गीताचार्य तुकारामदादांची. आपले अड्याळ वेगळे. ते भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात, भंडाऱ्याहून पवनीला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गल्लत होते याचे नवल नाही. तुकारामदादा ज्यांचे शिष्य, त्या तुकडोजी महाराजांचेच नाव इथल्या पोरांच्या मार्कशीटवर छापलेले असते. विद्यापीठाला ते नाव मिळाले २००५ साली. जुनी माणसे अजून नुसते ‘नागपूर युनिव्हर्सिटी’ म्हणतात, आणि या लेखात मीही तेच करणार आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी हे विद्यापीठ सुरू झाले तेव्हा त्याच्याकडे सहा महाविद्यालये आणि ९२७ विद्यार्थी होते. सर बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू. कार्यक्षेत्र मात्र अवाढव्य, सगळा मध्य प्रांत आणि वऱ्हाड. विज्ञान शिकवण्याची नागपुरातली मुख्य जागा विद्यापीठाहून जुनी होती: १९०६ चे व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स. पुढे ते नुसते कॉलेज ऑफ सायन्स झाले, आता त्याला आपण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स म्हणतो. नागपूरच्या जीवशास्त्राची खरी कमाई आधी तिथे झाली, आणि ती झाली वटवाघळांवर.

हे ऐकून लोक हसतात. पण प्राध्यापक एम. ए. मोघे यांनी फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळाचा गर्भ कसा वाढतो, वार कशी तयार होते, यावर लिहिलेला निबंध १९५१ साली लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यांच्यासोबत आणि त्यांच्यानंतर ए. गोपालकृष्ण यांनी तोच धागा धरला आणि आपल्याकडच्या वटवाघळांच्या प्रजननाचा अभ्यास म्हणजे नागपूर, असे समीकरण होऊन बसले. काही जातींत मादीच्या शरीरात नराचे शुक्राणू बराच काळ जिवंत राहतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. ना महागडी यंत्रे, ना परदेशी रसायनांची रेलचेल. मेणात बसवलेला ऊतीचा ठोकळा, त्याचे एकामागून एक कातलेले पातळ काप, रंगद्रव्याच्या बाटल्या, सूक्ष्मदर्शक आणि वर्षानुवर्षांची चिकाटी. वनस्पतिशास्त्रात व्ही. बी. शुक्ल यांनी छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलानच्या दगडांत गोठलेल्या फुलाचे वर्णन १९४४ साली केले. या दोन्ही कामांचा माल आपल्याच मुलखातला होता. गरीब विद्यापीठाने विज्ञान कसे करावे याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

दुसरी शाखा वैद्यकाची. १९४७ साली नागपूरला मेडिकल कॉलेज निघाले. नागपूरकर त्याला आजही फक्त ‘मेडिकल’ म्हणतात. पदवी नागपूर विद्यापीठाचीच. १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांचे एक टिपण आले, मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल. त्याच्या सहाच वर्षे आधी निलगिरीतल्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत हा दोष सापडला होता. आता तो आपल्या दाराशी असल्याचे कळले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, बस्स एवढेच. पण त्या एका अदलाबदलीने प्राणवायू कमी पडताच तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि माणूस हाडे फुटल्यासारखा तळमळतो.

आता अड्याळकडे येऊ. इथल्या मुलाला पदवीचे विज्ञान शिकायचे तर वाट लांबची होती. मनोहरभाई पटेलांच्या गोंदिया शिक्षण संस्थेने १९५९ साली गोंदियाला धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय काढले, पुढे भंडाऱ्याला जे. एम. पटेल महाविद्यालय उभे राहिले, आणि बी.एस्सी. बसच्या टप्प्यात आली. एम.एस्सी.साठी मात्र बरीच वर्षे नागपूरच, अमरावती रोडचा कॅम्पस. दहावीपर्यंत ‘पेशी’ म्हणणारे पोर अकरावीच्या विज्ञान शाखेत एकदम ‘सेल’ म्हणू लागते आणि पहिल्या सत्रात अर्धा वेळ शब्द ओळखण्यातच जातो. याच नागपुरात डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंवरून विज्ञानाच्या परिभाषेचे जाडजूड कोश रचले होते. ते शब्द इतके कडक होते की प्रयोगशाळेत कोणी तोंडात घेतले नाहीत. इंग्रजी शब्द निदान प्राध्यापक उच्चारत तरी.

प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला भंडाऱ्याच्या पोरांची एक बाजू वरचढ असे. बेडूक. धानाच्या बांधीत, बोडीच्या काठावर पहिला पाऊस पडला की तो हवा तितका मिळायचा. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी पालथा-उताणा करून त्याच्या चेताशिरा मोकळ्या करण्यात शहरातली मुले मागे पडत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली विच्छेदन कमी करायला सांगितले आणि २०१४ साली ते बंदच केले. आता बेडूक संगणकाच्या पडद्यावर उघडतो. मला हे मान्य आहे. बांधीतले किडे खाणारा प्राणी ट्रेमध्ये मारण्यात शहाणपण नव्हते. मात्र बेडकासोबत हाताचे कसबही गेले आणि त्याच्या जागी दुसरे काही नीट बसवले गेले नाही.

बांधीतच दुसरा धडा होता. धान उभे असतानाच ओलीवर लाखोरी फेकतात. पुढे नांगरट नाही, पाणी नाही, तरी पीक हाती येते. या डाळीच्या अतिसेवनाने पाय लुळे पडतात म्हणून १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. दाण्यातले विष नेमके कोणते, हे बंगलोर आणि दिल्लीच्या प्रयोगशाळांनी १९६४ साली वेगळे काढून दाखवले. म्हणजे बंदी आधी आणि रसायन मागून. तोवर आणि त्यानंतरही पूर्व विदर्भात लाखोरी पिकत राहिली, वरणात आणि वड्यांत जात राहिली. नागपूरच्या डॉ. शांतीलाल कोठारींनी तिच्या बाजूने वर्षानुवर्षे झुंज दिली. जीवरसायनशास्त्राच्या वर्गाला याहून जवळचा विषय कोणता? आणि हत्तीपाय? त्याच्या जंताची आकृती प्राणिशास्त्राच्या प्रत्येक जर्नलमध्ये असते. त्याची पिल्ले रात्रीच रक्तात उतरतात, म्हणून आरोग्य खात्याची माणसे अंधार पडल्यावर घरोघरी बोटे टोचत फिरतात. तपासणीच्या अधिक सोप्या पद्धतींसाठी सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेत बी. सी. हरिनाथ यांच्या गटाने मोठे काम केले. ती संस्था १९६९ ची, आणि तिचीही पदवी तेव्हा नागपूरचीच.

‘तेव्हा’ हा शब्द महत्त्वाचा. कारण या विद्यापीठाची पुढची वाटचाल ही वाटण्यांची आहे. भूगोल तर लहान होतच गेला: १९४६ ला सागर, १९८३ ला अमरावती, २०११ ला गोंडवाना. उरले नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया. त्याचे मला फारसे दुःख नाही. गडचिरोलीच्या मुलाने प्रत्येक कागदासाठी नागपूर का गाठावे? खरी हानी दुसऱ्या वाटणीत झाली. १९६९ साली शेतकी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे गेली. १९९८ साली वैद्यक नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. २००० साली पशुवैद्यकाचे स्वतंत्र विद्यापीठ नागपुरातच झाले. प्रत्येक वेळी कारण रास्त होते. परिणाम असा की लाखोरीचे पीक एका विद्यापीठात, तिचे विष दुसऱ्यात आणि तिने लुळा पडलेला माणूस तिसऱ्यात शिकवला जातो. मोघे-गोपालकृष्णांच्या काळात वटवाघळाची वार पाहणारा आणि बाळंतिणीची वार पाहणारा हे निदान एकाच विद्यापीठाच्या छताखाली होते. (पवनीला १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठाचे पुरातत्त्ववाले आले, त्यांनी स्तूप उकरले, ग्रंथ छापला. जीवशास्त्रवाल्यांनी असा मुक्काम पवनी तालुक्यात कधीतरी टाकायला हवा होता.)

सिकलसेलमध्ये ही फाळणी सगळ्यांत जास्त टोचते. बी.एस्सी.च्या वर्गात मेंडेलचा वाटाणा शिकवतात. पहिल्या पिढीत अमुक, दुसऱ्या पिढीत तीनास एक. मुले ते घोकतात, पाच गुण मिळवतात. त्याच मुलांपैकी कुणाच्या घरी कपाटात सिकलसेल तपासणीचे कार्ड असते: पिवळे म्हणजे ‘एएस’, वाहक, लाल म्हणजे ‘एसएस’, रुग्ण. दोन पिवळ्या कार्डांचे लग्न झाले तर दर बाळंतपणात लाल कार्डाची शक्यता चारात एक. हा तोच मेंडेल आहे, फक्त वाटाण्याऐवजी घरचा. लग्नाआधी कुंडली पाहणाऱ्यांना कार्ड बघायला सांगणे हे काम विज्ञानाच्या पदवीधराइतके गावात दुसरे कोणी करू शकत नाही. पण पेपरात ते विचारत नाहीत.

जानेवारी २०२३ मध्ये शताब्दीच्या वर्षात भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन नागपूर विद्यापीठाच्या अंगणात भरले. त्याच वर्षी १ जुलैला मध्य प्रदेशातल्या शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत भंडाऱ्याचे नाव आले. अड्याळला ग्रामीण रुग्णालय आहेच. आता डॉक्टर घडवणारी जागाही एका बसच्या अंतरावर आली.

अड्याळहून सकाळी भंडाऱ्याला निघालेल्या बसमध्ये आता बी.एस्सी.ची मुलगी आणि एमबीबीएसची मुलगी एकाच बाकावर बसू शकतात. दोघींच्या पिशवीत हिमोग्लोबिनचा तोच धडा. एकीची मार्कशीट नागपूरहून येईल, दुसरीची नाशिकहून.