सवलतीच्या दुकानातील अर्धवेळ नोकरी

छापील किमतीपेक्षा कमी दराने किराणा, कपडे आणि घरगुती वस्तू विकणारी मोठी दुकाने महाराष्ट्रातील महानगरांपुरती राहिलेली नाहीत. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावांनाही त्यांची सवय झाली आहे. या दुकानांतील नोकरी बारावी उत्तीर्ण, पदवीचे शिक्षण घेणाऱ्या किंवा घर सांभाळून काही तास काम करू इच्छिणाऱ्या अनेकांच्या आयुष्यातील पहिली नोकरी ठरते. ती 'फावल्या वेळेतील काम' म्हणून स्वीकारली जाते. प्रत्यक्षात तिचे तास, तिचे श्रम आणि तिच्यातील कायदेशीर हक्क यांविषयी फारच कमी माहिती असते.

सवलतीचे गणित

वेष्टित वस्तूवर छापलेली कमाल किरकोळ किंमत ही कायद्याने ठरवलेली वरची मर्यादा आहे. तिच्यापेक्षा कमी दराने विकण्यास दुकानदार मोकळा असतो. ही सवलत तीन मार्गांनी परवडते: घाऊक खरेदी, मालाची झटपट उलाढाल आणि दुकान चालवण्याचा कमीत कमी खर्च. पहिले दोन मार्ग व्यापारकौशल्याचे आहेत. तिसऱ्या मार्गाचा भार मात्र बऱ्याच अंशी कर्मचाऱ्यांवर पडतो, कारण जागेच्या भाड्याखालोखाल मोठा खर्च पगाराचा असतो.

भारतात हा व्यवसाय २००१ नंतर वेगाने वाढला. त्या वर्षी 'बिग बझार' सुरू झाले आणि २००२ मध्ये पवई येथे 'डी-मार्ट'चे पहिले दुकान उघडले. चेन्नईची 'सुभिक्षा' ही साखळी २००९ मध्ये बंद पडली. 'बिग बझार' चालवणाऱ्या 'फ्यूचर रिटेल'वर २०२२ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. कमी नफ्यावर चालणारा हा धंदा किती निसरडा आहे, हे या दोन उदाहरणांवरून दिसते. दुकान बंद झाले की सर्वांत आधी रोजगार जातो तो तात्पुरत्या आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांचा.

कामाचे स्वरूप

अर्धवेळ कर्मचाऱ्याचे काम गर्दीच्या तासांना बांधलेले असते. सायंकाळ, शनिवार-रविवार, महिन्याचा पहिला आठवडा आणि सणांपूर्वीचे पंधरा दिवस या काळात जादा हात लागतात. माल उतरवणे, रॅकवर लावणे, जुनी मुदत असलेला माल पुढे आणि नवा मागे ठेवणे, दरपत्रके बदलणे, धान्य वजन करून बांधणे, ग्राहकांनी भलत्याच जागी ठेवलेल्या वस्तू परत नेणे आणि बिलाच्या काउंटरवर बसणे किंवा उभे राहणे ही कामे आलटून पालटून करावी लागतात.

सर्वांत जबाबदारीचे काम गल्ल्याचे. दिवसअखेर रोख रक्कम आणि यंत्रातील नोंद यांचा मेळ घालावा लागतो. रक्कम कमी भरली तर ती पगारातून कापण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. मालाच्या मोजणीत घट आली की संशयाची पहिली नजर नव्या कर्मचाऱ्याकडे वळते. बाहेर पडताना होणारी झडती अनेकांना कष्टापेक्षाही अधिक बोचते. सवलत संपल्याचा किंवा वस्तू नसल्याचा रागही ग्राहक समोरच्या मुलामुलीवरच काढतो.

याची दुसरी बाजूही आहे. हिशेबाची शिस्त, संगणकावरील नोंदी, मालसाठ्याची समज आणि अनोळखी माणसाशी बोलण्याचे धैर्य या नोकरीत मिळते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पुस्तकातील उलाढाल येथे डोळ्यांनी पाहता येते.

वर्धा जिल्ह्यातील संदर्भ

वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत. वर्धा, हिंगणघाट, आर्वी आणि पुलगाव ही त्यातील मोठ्या बाजारपेठेची गावे. बाजाराचा ताल येथे कापसाशी जुळलेला आहे. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते आणि पुढील काही महिने कापसाचा पैसा बाजारात खेळतो. कपडे, भांडी आणि लग्नसराईची खरेदी याच काळात वाढते. जूनअखेरीस विदर्भातील शाळा उघडताना वह्या-दप्तरांची गर्दी होते. मे महिन्यातील कडक उन्हात दुपारी रस्ते ओस पडतात आणि सारी खरेदी सायंकाळी उशिरापर्यंत लांबते. साहजिकच अर्धवेळ कामाचे तासही रात्रीकडे सरकतात.

येथेच खेड्यातून येणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण सुरू होते. सेलू, देवळी किंवा समुद्रपूर परिसरातील गावाकडे जाणारी शेवटची एसटी आणि दुकानाची बंद होण्याची वेळ यांचा मेळ बसत नाही. खोली भाड्याने घेतली तर अर्धवेळ मिळकतीचा मोठा हिस्सा त्यातच जातो. मुलींच्या बाबतीत घरची परवानगी बहुधा या एका प्रश्नावरच अडते. त्यामुळे ही नोकरी पगारावर ठरते त्याहून अधिक परतीच्या प्रवासावर ठरते.

कायदा काय सांगतो

राज्यातील दुकानांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ लागू आहे. मोबदल्यावर शारीरिक, अकुशल, तांत्रिक वा लिपिकाचे काम करणारी व्यक्ती या कायद्यानुसार 'कामगार' ठरते. तिने दिवसाला किती तास काम करावे, अशी अट त्या व्याख्येत नाही. म्हणजेच अर्धवेळ असल्याने हक्क आपोआप संपत नाहीत.

मूळ तरतुदींनुसार दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादा होती. सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, आठवड्यातून सलग २४ तासांची सुटी, वर्षाला आठ नैमित्तिक रजा आणि आठ सणांच्या पगारी सुट्या यांचीही तरतूद होती. रात्री साडेनऊनंतर महिलांना कामावर ठेवायचे तर त्यांची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था आवश्यक होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने यात बदल मंजूर केले: कायदा लागू होण्याची मर्यादा वीस कामगारांपर्यंत नेणे, दैनंदिन तास दहापर्यंत वाढवणे आणि विश्रांती सहा तासांनंतर देणे. लहान शहरांतील अनेक दुकानांत कर्मचारी वीसपेक्षा कमी असतात. त्यामुळे या बदलाचा परिणाम तेथे अधिक जाणवणारा आहे.

अर्धवेळ कर्मचाऱ्याने दोन बारकावे ध्यानात घ्यावेत. पहिला जादा कामाचा. दुप्पट दराने मोबदला मिळतो तो कायद्यातील मर्यादेपलीकडच्या तासांसाठी. चार तासांसाठी नेमलेल्या व्यक्तीला सात तास थांबवून घेतले तर वरच्या तीन तासांचे पैसे मिळायला हवेत, पण दुप्पट दराचा हक्क उत्पन्न होत नाही. दुसरा अर्जित रजेचा. ती वर्षात २४० दिवस काम केल्यावर मिळते. केवळ शनिवार-रविवारी येणाऱ्याचे दिवस शंभराच्या आसपासच भरतात.

वेतनाबाबत २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर वेतन संहिता, २०१९ लागू झाली आहे. मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यावा लागतो. नोकरी सोडल्यास वा गेल्यास दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब चुकता करावा लागतो. गल्ल्यातील तूट कापायची असेल, तर ती त्या कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळेच झाली हे ठरले पाहिजे आणि कापण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. एकूण कपात पगाराच्या निम्म्याहून अधिक करता येत नाही. सर्व काउंटरांवरील तूट सर्वांत वाटून टाकण्याची पद्धत या तरतुदीत बसत नाही.

बसण्याचा हक्क

दुकानातील नोकरीचा शरीरावर होणारा परिणाम बहुधा पायांत आणि पाठीत दिसतो. सलग उभे राहिल्याने घोट्यांना सूज येते आणि शिरा फुगतात. केरळात कोळिकोड येथील कापड दुकानांतील महिलांनी यासाठी अनेक वर्षे आंदोलन केले. त्यानंतर २०१८ मध्ये त्या राज्याने आणि २०२१ मध्ये तमिळनाडूने विक्रेत्यांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले. एका स्टुलाची किंमत नगण्य असते. तरीही त्यासाठी कायदा करावा लागला.

स्वस्ताई आणि मजुरी

वस्तू स्वस्त असावी की ती हाताळणाऱ्याला पुरेशी मजुरी मिळावी, हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. १९३५ मध्ये महात्मा गांधींचा मुक्काम वर्ध्यातील मगनवाडीत होता. त्या वर्षी त्यांच्या आग्रहावरून अखिल भारत चरखा संघाने कातणाऱ्यांना जीवननिर्वाहापुरती मजुरी देण्याचे तत्त्व स्वीकारले. त्यामुळे खादी महागणार आणि खप घटणार, ही भीती कार्यकर्त्यांनी बोलून दाखवली होती. तरीही कातणारणीच्या पोटाला चिमटा काढून मिळणारी स्वस्ताई नको, ही भूमिका कायम राहिली. पुढे खादीवरही गांधी जयंतीपासून सूट देण्याची प्रथा पडली. तिचा भार मात्र सरकारी अनुदानाने उचलला. सवलत कोणाच्या खिशातून दिली जाते, हा फरक आजच्या दुकानांनाही लागू पडतो.

नोकरी स्वीकारण्यापूर्वी

नेमणूकपत्र लेखी घ्यावे. त्यात कामाचे तास, दर आणि साप्ताहिक सुटी यांचा उल्लेख असावा. पगार दुकान देणार की मनुष्यबळ पुरवणारा कंत्राटदार, हे आधी विचारावे. भविष्यनिर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा कापला जात असेल, तर आपला क्रमांक मागून घ्यावा. येण्याजाण्याच्या वेळा स्वतःच्या वहीत रोज लिहाव्यात, कारण तास कमी दाखवल्याची तक्रार करताना तीच नोंद उपयोगी पडते. पगारातील तफावतीसाठी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयाकडे दाद मागता येते. मूळ प्रमाणपत्रे किंवा अनामत रक्कम मात्र कोणत्याही दुकानाकडे ठेवू नये.