छावणी बंद झाली, पण पेन्शनर गप्प बसले नाहीत



दरवर्षी ३१ डिसेंबरला घणसोली, रबाळे, तुर्भे इथल्या वस्त्यांमधून गाड्या भीमा कोरेगावला निघतात. तरुण पोरं रात्रभर जागून जातात आणि १ जानेवारीला विजयस्तंभाला मानवंदना देऊन परततात. हे झालंच पाहिजे. १ जानेवारी १८१८ ची ती लढाई आणि स्तंभावरच्या ४९ नावांपैकी २२ महार सैनिकांची नावं हा आपला इतिहास आहे. पण एक प्रश्न स्वतःला विचारू या. त्या एका दिवसाच्या लढाईबद्दल आपण तासभर बोलू शकतो. मग त्यानंतरच्या ७५ वर्षांत आपले पणजे-खापरपणजे ज्या छावण्यांमध्ये राहिले, शिकले, निवृत्त झाले, त्या छावण्यांबद्दल आपल्याला काय माहीत आहे?

आपल्या घणसोली गावात आणि आसपासच्या नोड्समध्ये कोकणातून आलेली कितीतरी बौद्ध कुटुंबं आहेत. कुणी दापोलीचं, कुणी मंडणगडचं, कुणी महाडचं. त्यांच्यापैकी अनेकांच्या तोंडी आजही ‘कॅम्प दापोली’ हे नाव येतं. हा कॅम्प कसला, असं नातवाने विचारलं तर उत्तर मिळेलच असं नाही. म्हणून हा लेख.

पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी दक्षिण कोकणासाठी दापोलीला लष्करी ठाणं केलं. म्हणून ‘कॅम्प’. १८४० च्या सुमाराला तिथल्या नेहमीच्या पलटणी हलवल्या गेल्या. पुढे म्हाताऱ्या शिपायांची पलटण तेवढी राहिली आणि १८५७ च्या सुमाराला तीही संपली. छावणी उठली, पण माणसं राहिली. मुंबई फौजेतून निवृत्त झालेले महार शिपाई, हवालदार, सुभेदार दापोलीत येऊन घरं करू लागले. गावकुसाबाहेर जन्मलेल्या माणसांची, हातात सरकारी पेन्शन असलेली आणि लिहिता-वाचता येणारी अशी ती वस्ती होती.

लिहिता-वाचता येणारी, हे शब्द नीट लक्षात घ्या. कंपनीच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं होतं. छावणीत शाळा असायची. बाबासाहेबांनी अस्पृश्य आणि ब्रिटिश राजवटीवर लिहिताना याच गोष्टीवर भर दिला आहे, कारण त्यांच्या घराचीच ती कहाणी होती. वडील रामजी सकपाळ हे फौजेत सुभेदार आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. आई भीमाबाई आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडच्या, आणि त्यांचं माहेरही सुभेदार-मेजरांचं. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेबांचा जन्म झाला. रामजी निवृत्त झाल्यावर हे कुटुंब आधी आलं ते दापोलीला, आणि तिथून साताऱ्याला गेलं.

म्हणजे छावणीने आपल्याला काय दिलं? फक्त बंदूक नाही. गावात ज्याची सावली चालत नव्हती, त्याला तिथे रांगेत उभं राहण्याचा हक्क मिळाला. हुद्दा मिळाला, शाळा मिळाली आणि म्हातारपणी कुणाच्या दारात हात पसरावा लागू नये म्हणून पेन्शन मिळाली. गावातला पाटील त्या पेन्शनराला बलुत्यावरून धमकावू शकत नव्हता. बलुतं बंद झालं तरी त्याची चूल पेटत होती. स्वाभिमानाला पोटाचा आधार लागतो. तो आधार या माणसांकडे होता.

आणि मग दार बंद झालं. १८९२-९३ च्या सुमाराला महारांची फौजेतली भरती थांबवली गेली. कारण काय दिलं? काही जाती ‘लढवय्या’ असतात आणि काही नसतात! १८५७ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी हा सिद्धांत वाढवला आणि सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात त्याला धोरणाचं रूप आलं. शौर्य रक्तात असतं, रक्त जातीत असतं, म्हणून जात बघून भरती करा. चातुर्वर्ण्य याहून वेगळं काय सांगतं? मनूने जे पोथीत लिहिलं, तेच रॉबर्ट्सच्या फौजेने भरतीच्या नियमात लिहिलं. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावं कोरली होती, त्यांच्याच नातवांना सांगितलं गेलं की तुम्ही लढाऊ नाही.

मग दापोलीचे पेन्शनर काय करत होते? जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगत विडी ओढत बसले होते का? गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये फौजेतून निवृत्त झाले. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा दापोलीत राहिले. जोतिबा फुल्यांच्या विचारांनी भारलेल्या या माणसाने ‘दीनबंधु’त लिहिलं, १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली आणि अनार्य दोष परिहार मंडळी उभी केली. भरती बंद झाल्यावर १८९४ मध्ये त्यांनी ती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज तयार केला. त्याच दशकात दापोलीच्या पेन्शनरांनी आपल्या मुलांना गावच्या शाळेत घ्यावं म्हणून झगडा मांडला. मुलांना प्रवेश मिळाला तोही व्हरांड्यात बसण्यापुरता. ज्या बापाने छावणीच्या शाळेत बरोबरीने बसून अक्षर गिरवलं, त्याचा मुलगा गावात व्हरांड्यात! छावणीची आठवण इथे नुसती आठवण राहत नाही. बरोबरीने बसता येतं, आम्ही बसलो आहोत, असा तो पुरावा होतो. ज्याने समता एकदा अनुभवली, त्याला विषमता नशीब म्हणून विकता येत नाही.

पुढे पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी तोच धागा उचलला. १९१० मध्ये त्यांनी दख्खनच्या महारांच्या वतीने थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. या दोन अर्जांमधला फरक तरुणांनी समजून घ्यावा. गोपाळबाबांच्या अर्जात, आम्ही मुळचे क्षत्रिय होतो, हा युक्तिवाद आहे. त्या काळात तेवढंच हत्यार हाताशी होतं, म्हणून त्यांना दोष देण्याचं कारण नाही. कांबळ्यांच्या अर्जात सूर बदललेला दिसतो. आम्ही इतर कुणाहून कमी नाही, आम्हाला संधी द्या, असा तो सूर आहे. आणि बाबासाहेबांपर्यंत येताना ‘आम्ही कोण होतो’ हा प्रश्नच मागे पडतो. उरतो तो नागरिक म्हणून हक्क.

आपल्यावर आरोप होतो की तुम्ही इंग्रजांच्या चाकरीचा अभिमान बाळगता. आरोप करणाऱ्यांनी पहिल्या गोलमेज परिषदेतलं बाबासाहेबांचं १९३० चं भाषण वाचावं. लंडनमध्ये उभं राहून त्यांनी इंग्रजांनाच सवाल केला. तुमच्या आधी आम्हाला विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, देवळात जाता येत नव्हतं, फौजेत जाता येत नव्हतं. आता येतं का? ही कृतज्ञता नाही, ही झाडाझडती आहे. पेन्शनरांच्या आठवणीतून आलेली ती तक्रार बाबासाहेबांनी साम्राज्याच्या तोंडावर मांडली.

इंग्रजांचा स्वार्थ तर उघडाच होता. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं आणि काही वर्षांत पलटण मोडली. गरज असली की लढवय्ये, गरज संपली की अस्पृश्य! पण परत आलेले शिपाई पुन्हा जोहार घालायला तयार नव्हते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेला कोकणातले हे निवृत्त शिपाई आले होते. २० मार्चला तळ्याचं पाणी प्याल्यावर सवर्णांनी लोकांवर हल्ला केला. युद्ध पाहिलेली ही माणसं उलट वार करू शकत होती. बाबासाहेबांनी थांबा म्हटलं आणि ती थांबली. कवायतीच्या मैदानावरची शिस्त चवदार तळ्यावर कामाला आली. समता सैनिक दलाच्या संचलनात आपण जी शिस्त पाहतो, तिची मुळंही त्याच मैदानात आहेत.

१९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक मंडळावर गेले आणि त्यांनी महार पलटणीची मागणी लावून धरली. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, दुसरी कामठीला. सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. आज बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आहे, कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं, आणि महार रेजिमेंटचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला. रेजिमेंटमध्ये आता सगळ्या जातींचे जवान आहेत, आणि ते योग्यच आहे. कृष्ण राव आणि सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे, आणि परमवीर चक्र मिळवणारे मेजर रामस्वामी परमेश्वरनही. लढवय्या जातीच्या सिद्धांताला याहून चोख उत्तर कोणतं?

म्हणूनच मला डीजेवरच्या त्या गाण्यांची काळजी वाटते, ज्यांत फक्त आमचं रक्त आणि आमची तलवार असते. ज्या सिद्धांताने आपल्याला हाकललं, तोच आपण निळा झेंडा लावून गातो आहोत. दापोलीच्या पेन्शनरांचा वारसा रक्ताचा नाही. तो शाळेचा, अर्जाचा, संघटनेचा आहे.

आता आजचा सवाल. १४ जून २०२२ ला सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. चार वर्षं नोकरी, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम, बाकीच्यांना एकरकमी सेवा निधी देऊन घरी. पेन्शन नाही. सैन्य तरुण राहावं, असं कारण सांगितलं जातं. पण इतिहास माहीत असलेल्या माणसाला दुसरी बाजू दिसते. पेन्शन होती म्हणून गोपाळबाबा लिहू शकले. पेन्शन होती म्हणून रामजी मुलाच्या पुस्तकांसाठी धडपडू शकले. पंचविशीच्या आत घरी आलेल्या, पुन्हा नोकरी शोधणाऱ्या पोराकडे समाजासाठी द्यायला तशी उसंत राहील का? फौजेत कोण जातं? गावातल्या गरिबाचीच मुलं. हा प्रश्न आपण विचारला नाही तर कोण विचारणार?

एक काम मात्र आपल्या हातात आहे. आपल्या परिसरात निवृत्त सैनिक आहेत. कुणी कंपनीत, कुणी सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटीला उभे आहेत. आपण त्यांना १ जानेवारीला हार घालतो आणि वर्षभर विसरतो. त्यांच्याशी बसा, फोनवर रेकॉर्ड करा. प्रशिक्षण कुठे झालं, जेवायला शेजारी कोण बसायचं, आडनाव कळल्यावर कुणाचं वागणं बदललं का, बढती वेळेवर मिळाली का, पहिल्या रजेत गावात आल्यावर कोण कसं बोललं, हे विचारा. लिहून विहाराच्या कपाटात ठेवा. फौजेच्या दफ्तरात बटालियनचा इतिहास असतो, पण जेवणाच्या पंगतीचा नसतो.

छावण्या सरकारच्या असतात. त्या उघडतात, हलतात, बंद होतात. अनुभव आपला असतो, आणि तो लिहून ठेवला तरच पुढच्या पिढीला हक्क मागताना पुरावा म्हणून वापरता येतो. गोपाळबाबांनी लिहिलं म्हणून आज आपण त्यांचं नाव घेतो. ज्यांनी लिहिलं नाही, त्या शेकडो पेन्शनरांची आज घरंही सापडत नाहीत.

जय भीम! जय संविधान!