फार फ्रॉम हेवन

'फार फ्रॉम हेवन' हा टॉड हेन्स लिखित व दिग्दर्शित २००२ सालचा अमेरिकन चित्रपट आहे. कथानक १९५७ मध्ये कनेटिकट राज्यातील हार्टफर्डच्या उपनगरी वस्तीत घडते. पती फ्रँक समलैंगिक असल्याचे गृहिणी कॅथीला (जुलियान मूर) कळते. गावात चर्चा होते ती मात्र कृष्णवर्णीय माळी रेमंडशी असलेल्या तिच्या मैत्रीची.

राजकीय व लैंगिक आशय

डग्लस सर्क यांच्या 'ऑल दॅट हेवन अलाउज' (१९५५) सारख्या कौटुंबिक नाट्यपटांची शैली स्वीकारून हेन्स यांनी त्या काळी हॉलिवूडच्या निर्मितीसंहितेने निषिद्ध ठरवलेली समलैंगिकता उघडपणे मांडली. शेजाऱ्यांपासून लैंगिकता लपवता येते, वर्ण लपवता येत नाही, हा भेद कथेच्या मुळाशी आहे. फ्रँक नवा जोडीदार निवडतो. मुलीवर दगडफेक झाल्यानंतर रेमंडला बाल्टिमोर गाठावे लागते. कॅथी एकटी उरते.